ऊद, कापूर आणि झाडाची जखम

ऊद ज्या झाडापासून मिळतो, त्या झाडात ऊद नसतो. सुमात्राच्या डोंगरातलं स्टायरॅक्सचं धडधाकट झाड घ्या. त्याच्या खोडात राळेची साठवण आधीपासून नसते. चीडासारख्या झाडांत राळेच्या नळ्या जन्मापासून असतात, इथे तसं काही नाही. माणूस साल खरवडतो, खाच पाडतो, आणि मग त्या जखमेच्या आसपास ती राळ नव्याने तयार व्हायला लागते. औषधी वनस्पतींची पुस्तकं अशा पदार्थाला सरळ विकृतीजन्य म्हणतात. म्हणजे आपल्याकडे बाळाला न्हाऊ घातल्यावर निखाऱ्यावर जो ऊद टाकतात, देवघरात ज्याचा धूर फिरवतात, तो वास त्या झाडाला जखम होण्याआधी या जगात नव्हताच.

ही गोष्ट मी वाचली तेव्हापासून माझा एका शब्दाशी झगडा सुरू आहे. तो शब्द म्हणजे 'टिकाऊ'. सस्टेनेबल. अगरबत्तीच्या पाकिटापासून कंपनीच्या वार्षिक अहवालापर्यंत हा शब्द सगळीकडे असतो. सुगंधी राळ हे त्याचं आदर्श उदाहरण मानलं जातं: लाकूड नको, झाड तोडायला नको, जंगल उभं राहतं, गावाला पैसे मिळतात. सगळे खूश. पण एखाद्याला दरवर्षी मरणार नाही एवढंच जखमी करणं, आणि त्याला चांगलं नातं म्हणणं, हे नैतिकदृष्ट्या नेमकं काय आहे? पेशाने मी सॉफ्टवेअरवाला आहे. सर्व्हरवर किती रिक्वेस्ट आल्या म्हणजे तो आडवा होत नाही, ही मर्यादा ठरवण्यात माझे दिवस जातात. त्याला आम्ही रेट लिमिट म्हणतो. 'टिकाऊ उत्पादन' ही कल्पना मला हुबेहूब तशीच वाटते: समोरचा कोसळणार नाही इतकंच मागा. सर्व्हरशी वागायला हे पुरेसं आहे. झाडाशी वागायला?

आधी जरा वस्तूंची ओळख करून घेऊ, कारण पूजेच्या एका ताटातच या प्रश्नाची तीन उत्तरं ठेवलेली असतात.

पहिला ऊद, म्हणजेच लोबान. अरब व्यापारी सुमात्राकडच्या या राळेला 'लुबान जावी' म्हणायचे, म्हणजे जावाकडचा लोबान. त्यांच्या तोंडी 'जावा'मध्ये सुमात्राही यायचं. चौदाव्या शतकात इब्न बतूता तिकडे जाऊन आला, त्याच्या प्रवासवर्णनात ही राळ आहे. युरोपात जाताना या नावाचा पहिला भाग गळाला आणि उरलेल्याचं घासत घासत 'बेंझॉइन' झालं. १८३३ मध्ये मिट्शरलिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने या राळेतून मिळणाऱ्या आम्लापासून एक द्रव काढला आणि त्याचं नाव पडलं बेंझीन. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी आपण सगळ्यांनी जो षटकोन वहीत शंभर वेळा काढला, त्याच्या नावात सुमात्राच्या जंगलातली एक जखम आहे. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर केमिस्ट्रीत मला दोन मार्क जास्त पडले असते असं नाही, पण असो.

दुसरा कापूर. आज आरतीत जळतो तो कापूर बहुतेक कारखान्यात बनतो, चीडाच्या राळेपासून निघणाऱ्या टर्पेन्टाइनमधून. पण ज्याला आपण भीमसेनी कापूर म्हणतो, ज्याचं नाव संस्कृतात आणि जुन्या वैद्यकात इतक्या मानाने येतं, तो मूळचा सुमात्रा-बोर्निओच्या पर्जन्यवनातला. ड्रायोबॅलॅनॉप्स नावाचं प्रचंड उंच झाड असतं, त्याच्या खोडाच्या भेगांत कधी कधी त्याचे स्फटिक साठतात. सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बारुस हे बंदर या कापरासाठी शतकानुशतकं प्रसिद्ध होतं. मलयभाषक आजही कापराला 'कापुर बारुस' म्हणतात. हा कापूर मिळवायची रीत अशी की झाड पाडायचं, त्याचे तुकडे करायचे आणि आत शोधायचं. सापडला तर सापडला. अनेक झाडांत काहीच निघायचं नाही.

तिसरी राळ, म्हणजे धूप. आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण भागात, कर्नाटक-केरळच्या सदाहरित जंगलात काळा धूप आणि पांढरा धूप अशी दोन वेगवेगळी झाडं आहेत. तिथले आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या ही राळ गोळा करत आले. खोडातून आपसूक पाझरून वाळलेली उचलायची, ही एक पद्धत. खाचा पाडायच्या, ही दुसरी. आणि काही ठिकाणी बुंध्याशी आग लावायची, म्हणजे राळ भराभर गळते, ही तिसरी. तिसऱ्या पद्धतीत झाड जगेल की नाही, हे बहुधा आग लावणाऱ्याला किती घाई आहे त्यावर ठरतं.

तर मारून घेणं, जखम करून घेणं आणि गळलेलं उचलणं. वरवर पाहता नैतिक उतरंड सोपी आहे. गळलेलं उचलणारा सर्वांत पुण्यवान, कापूरवाला सर्वांत पापी, ऊदवाला मधला. पण खोलात गेलं की ही उतरंड डळमळते.

अ‍ॅमेझॉनमध्ये प्रोटियम नावाच्या झाडांची राळ मिळते. ब्राझीलमध्ये तिला ब्रेऊ म्हणतात, पेरूमध्ये कोपाल. होडीच्या फटी बुजवायला, धूप म्हणून आणि आता अत्तरं-साबणांत ती वापरली जाते. तिथे अनेकदा माणूस खाच पाडतच नाही. सोंड असलेल्या एका भुंग्याच्या अळ्या सालीत शिरतात, त्यांच्याविरुद्ध झाड राळ ओततं आणि खोडावर तिचे गोळे साचतात. माणूस येतो आणि गोळे खरवडून नेतो. झाडाला आपण काहीच केलं नाही, जखम दुसऱ्याची. किती स्वच्छ व्यवहार! फक्त त्या गोळ्यांत अळ्या वाढत असतात. गोळा काढला की त्या मरतात, आणि भुंगे कमी झाले की पुढचे गोळे कमी. शिवाय डंख नसलेल्या काही मधमाश्या हीच राळ पोळं बांधायला नेतात, त्यांचा वाटा वेगळाच. म्हणजे 'मी झाडाला हात लावला नाही' हे वाक्य खरं असूनही अपुरं आहे. जंगलात पडलेली वस्तू बहुधा कुणाच्या तरी वापरात असते.

ऊद काढणाऱ्यांकडे परत येऊ. उत्तर सुमात्रात तोबा सरोवराच्या परिसरातले बटाक लोक हे काम करतात. त्यांच्या भाषेत झाडाचं नाव हामिनजोन, इंडोनेशियनमध्ये कमन्यान. झाड आठ-दहा वर्षांचं झालं की सुरुवात होते. दोराच्या आधाराने वर चढायचं, साल साफ करायची, एका खास अवजाराने ठरावीक अंतरावर खाचा पाडायच्या, साल ठोकून पुन्हा बसवायची आणि निघून यायचं. काही महिन्यांनी परत जायचं. तोवर साल आणि लाकूड यांच्यामध्ये राळ जमून घट्ट झालेली असते. पहिल्या काढणीचे फिकट, स्वच्छ खडे सर्वांत महाग. नंतर झिरपलेली राळ काळपट आणि स्वस्त. नीट काळजी घेतली तर एकच झाड कित्येक दशकं राळ देतं. काढणारे जंगलातच झोपडी करून आठवड्यातले काही दिवस राहतात. कामाला लागण्याआधी झाडाच्या बुंध्याशी तांदळाच्या पिठाचा नैवेद्य ठेवायची रीत आहे. आणि एक दंतकथा सांगतात: गरीब घरातली एक मुलगी, मनाविरुद्धचं लग्न टाळायला जंगलात पळाली आणि तिचं झाड झालं, ही राळ म्हणजे तिचे अश्रू.

या कथेकडे बघून 'किती सुंदर लोककथा' असं म्हणून पुढे जाणं सोपं आहे. मला ती सुंदर कमी आणि विलक्षण प्रामाणिक जास्त वाटते. जे लोक रोज हातात अवजार घेऊन साल फोडतात, त्यांनी स्वतःलाच सांगितलेली ही गोष्ट आहे. झाड आनंदाने देतं, निसर्ग भरभरून देतो, असं ती म्हणत नाही. हे अश्रू आहेत, एका पळून आलेल्या मुलीचे आहेत, आणि आपण ते विकून पोट भरतो, असं म्हणते. आपल्या पाकिटांवरची भाषा नेमकी उलटी असते. तिथे सगळं निसर्गाचं वरदान असतं. झाडाला वेदना होतात असा माझा दावा नाही. त्याला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. पण वेदना नाही म्हणजे नुकसान नाही, असं होत नाही. राळ बनवायला झाड स्वतःच्या साठ्यातला कार्बन खर्च करतं, जो एरवी लाकडात, फळात, बीत गेला असता.

हे 'बीत' महत्त्वाचं आहे, आणि त्यासाठी पर्जन्यवन सोडून क्षणभर कोरड्या जंगलात जावं लागेल. इथिओपिया, एरिट्रिया, सुदानमध्ये बॉसवेलियाची एक जात आहे. चर्चमध्ये जळणारा फ्रँकिन्सेन्स मोठ्या प्रमाणावर तिच्यापासून येतो. आपल्या सालईची ही बहीण. जास्त खाचा पाडलेल्या झाडांना कमी फळं धरतात आणि त्यांच्या बिया कमी रुजतात, हे एरिट्रियातल्या अभ्यासात दिसलं होतं. २०१९ मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी'मध्ये बॉन्गर्स आणि सहकाऱ्यांनी या झाडांच्या वस्त्यांची मोजदाद प्रसिद्ध केली. म्हातारी झाडं उभी, तरुण झाडं जवळजवळ नाहीत, कित्येक दशकं नवी रोपं तगलेलीच नाहीत. दोष एकट्या खाचांचा नाही; गुरं रोपं खातात, वणवे लागतात, पोखरणारे किडे आहेत. अंदाज असा की वीसेक वर्षांत उत्पादन निम्म्यावर येईल.

माझ्या कामात याला एक ओळखीचं रूप आहे. डॅशबोर्डवर सगळे दिवे हिरवे असतात, आणि आत डिस्क भरत आलेली असते, कारण डिस्कचा आलेख कोणी लावलेलाच नसतो. दर हंगामाला तेवढीच राळ येते आहे, एकही झाड तोडलेलं नाही, म्हणजे टिकाऊ. मोजायचं होतं ते झाडांच्या पायाशी, गुडघ्याएवढ्या उंचीवर, आणि आपण बघत होतो पोत्यांकडे.

*

माझा एक मित्र म्हणतो, एवढी डोकेफोड कशाला? हे रेणू लॅबमध्ये बनवा. कापराचं केलंच ना. झाडाला सोडा.

हा युक्तिवाद मला बरेच दिवस बिनतोड वाटत होता. गरजच उरली नाही तर जखमही उरणार नाही. पण कापराच्या झाडाचंच पुढे काय झालं ते बघा. कारखान्यातला कापूर आला, स्फटिक शोधायला झाडं पाडणारे कमी झाले. झाडाला मोकळीक मिळाली का? त्याचं लाकूड उत्तम, म्हणून लाकूडतोड आली. मग त्या जमिनीवर पाम तेलाचे मळे आले. आज हे झाड धोक्यात असलेल्या जातींच्या यादीत आहे. आपण त्याला वापरणं थांबवलं आणि विसरलो. विसरलेल्या झाडाच्या बाजूने भांडायला कोण उभं राहणार?

ऊदाच्या झाडाच्या बाजूने उभे राहिले. बटाक भागातल्या पांडुमान आणि सिपितुहुता या गावांच्या ऊदाच्या जंगलात २००९ पासून कागदाच्या लगद्याची एक कंपनी झाडं तोडून निलगिरी लावू लागली. कागदोपत्री जमीन सरकारी होती. गावकरी वर्षानुवर्षं लढले, अटका झाल्या. २०१३ मध्ये इंडोनेशियाच्या घटना न्यायालयाने निकाल दिला की पारंपरिक समुदायांचं जंगल हे सरकारी जंगल नव्हे. २०१६ च्या डिसेंबरात अध्यक्षांनी काही समुदायांच्या जंगलांना मान्यता दिली, त्यात या दोन गावांसाठी कंपनीच्या परवान्यातून ५,१७२ हेक्टर वेगळे काढायचं ठरलं. जे लोक त्या झाडांना दरवर्षी जखमा करत होते, तेच त्यांच्यासाठी तुरुंगात गेले. मित्राच्या युक्तिवादात या गोष्टीला जागा नाही.

पण इथून लगेच दुसऱ्या टोकाला उडी मारायचीही सोय नाही. 'वापराल तरच वाचेल' हे वाक्य आता धोरणांच्या कागदांत मंत्रासारखं असतं. त्याचं एक प्रसिद्ध मूळ १९८९ मधलं. पीटर्स, जेन्ट्री आणि मेंडेलसोन या तिघांनी पेरूमधल्या इकितोसजवळच्या मिशाना गावातलं एक हेक्टर जंगल मोजलं आणि 'नेचर'मध्ये मांडलं. २७५ जातींची ८४२ झाडं. फळं आणि रबराचा चीक दरवर्षी काढत राहिलं आणि थोडंच लाकूड निवडून तोडलं, तर त्या हेक्टरची आजची किंमत ६,८२० डॉलर. सगळं लाकूड एकदाच तोडलं तर १,००० डॉलर. गुरांचं कुरण केलं तर २,९६०. उभं जंगल जिंकलं! त्या काळात या आकड्यांनी खूप जणांना धीर दिला असणार. पुढे त्यावर आक्षेपही आले: एकच हेक्टर, शहराची बाजारपेठ जवळ, आणि सगळ्यांनीच तेवढी फळं विकायला आणली तर भाव कुठे राहतील?

माझा आक्षेप हिशेबावर नाही. हा हिशेब जिंकला म्हणून जंगल राहणार असेल, तर उद्या हिशेब हरला की? कुरणाची किंमत ७,००० झाली की आपण शांतपणे करवत काढायची का? राळेच्या भरवशावर उभं असलेलं जंगल म्हणजे दर महिन्याला भाडं भरून स्वतःच्याच घरात राहणारा माणूस. आणि हे भाडं ठरवणारी गिऱ्हाइकंही गंमतशीर आहेत. मध्य जावामध्ये ऊद घातलेल्या सिगारेटी ओढायची जुनी चाल आहे, आणि बटाक डोंगरातल्या राळेतला मोठा वाटा सिगारेटींत जातो. समजा लोकांनी धूम्रपान सोडलं, जी एरवी चांगलीच गोष्ट, तर सुमात्रातल्या एका उताराचं भाडं थकणार.

आपल्याकडे कायद्याच्या मराठीत या सगळ्या वस्तूंना 'गौण वनउपज' म्हणतात. डिंक, राळ, मध, मोहफूल, तेंदूपान: सगळं गौण. मुख्य काय, तर लाकूड. ज्या वस्तू घेतल्यावर झाड उभं राहतं त्या गौण, आणि जी घेतल्यावर आडवं होतं ती मुख्य. वनहक्क कायद्याने २००६ मध्ये या गौण उपजेवर तिथे राहणाऱ्यांची मालकी मान्य केली, तरी विशेषण तसंच राहिलं.

मग जखम समर्थनीय कधी? मला जे उत्तर पटतं ते क्रुईमुळे. सुमात्राच्याच दक्षिण टोकाकडे, लाम्पुंग प्रांताच्या किनाऱ्यावरचा हा भाग. इथे दामार नावाची काचेसारखी स्वच्छ राळ देणारं शोरियाचं झाड आहे. तिच्यापासून चित्रांवरचं वार्निश आणि रंग बनतात. एकोणिसाव्या शतकात जंगलातली दामारची झाडं जास्त ओरबाडल्यामुळे कमी होऊ लागली. तेव्हा क्रुईच्या लोकांनी ती लावायला घेतली. फिरत्या शेतीच्या तुकड्यात आधी भात, त्यातच कॉफी-मिरी, आणि त्यांच्या सावलीत दामारची रोपं. कॉफी-मिरीचं आयुष्य संपेपर्यंत दामार वर आलेलं असतं, सोबत फळझाडं असतात, जंगलाची आपोआप उगवलेली झाडं असतात. याला 'रेपोंग' म्हणतात. दामारला पहिली खाच पडते ती साधारण वीस-पंचवीस वर्षांनी. वेताचा पट्टा कमरेला अडकवून, जुन्या खाचांतच पाय रोवत माणूस वर चढतो. त्याने काढलेली राळ बहुधा त्याच्या बापाने किंवा आजाने लावलेल्या झाडाची असते.

१९९८ मध्ये, सुहार्तोंच्या सत्तेच्या अखेरच्या महिन्यांत, सरकारने सुमारे २९,००० हेक्टरवरचा त्यांचा हा हक्क खास दर्जा देऊन मान्य केला. माणसांनी लावलेलं हे जंगल सरकार तोवर आपलंच समजत होतं. मूळ जंगलातले सगळे पशुपक्षी तिथे नाहीत, पण गिबन आहेत, आणि पाम तेलाच्या मळ्यात ते नसतात.

इथे मला रेट लिमिटपेक्षा वेगळं काहीतरी दिसतं. रेट लिमिट विचारतं, मी किती घेऊ शकतो. क्रुईचा माणूस खाच पाडतो आणि त्याच बागेत असं रोप लावतो ज्याची राळ तो स्वतः कदाचित कधीच काढणार नाही. जखम तीच आहे, खोली तीच आहे. फरक इतकाच की जखम करणाऱ्याला पुढच्या वर्षी, आणि त्याच्या मुलाला त्यापुढच्या तीस वर्षांनी, त्याच झाडासमोर उभं राहायचं आहे. बुंध्याशी आग लावणारा बहुधा तो असतो ज्याला परत यायचं नाही, किंवा परत येऊ दिलं जाईल याची खात्री नाही. माणसाच्या चांगुलपणापेक्षा मालकीच्या कागदाचा यात हात जास्त आहे, हे जरा कोरडं सत्य असलं तरी.

यातून क्रुईचं चित्र फार गोड होऊ नये. कर्ज झालं, लग्न निघालं, दामारचा भाव पडला, की तिथेही झाडं लाकडासाठी विकली जातात. आणि वेताच्या पट्ट्यावर उंच लटकून राळ काढायला नकार देऊन शहरात नोकरी शोधणाऱ्या मुलाला मी, पुण्यात एसीत बसून, कोणत्या तोंडाने दोष देऊ? माझे आजोबा शेती करायचे. मी करत नाही.

प्रश्न मग आपल्यापर्यंत येतो, म्हणजे जाळणाऱ्यांपर्यंत. परत जाऊन झाडासमोर उभं राहणं आपल्याला शक्य नाही, आणि साखळी इतकी लांब आहे की झाडाची माहिती वाटेतच गळते. मध्यंतरी रविवार पेठेतल्या एका पूजा साहित्याच्या दुकानात मी ऊद मागितला. काकांनी तीन बरण्या पुढे केल्या. एकीत काळपट ढेपा, दुसरीत भुरकट चुरा, तिसरीत काळ्या राळेत अडकलेले बदामाएवढे फिकट खडे. तिसरीचा भाव पहिलीच्या कितीतरी पट. मी विचारलं, हा कुठून येतो?

"मुंबईहून," काका म्हणाले.

त्याआधी कुठून, असं विचारल्यावर त्यांनी खरंच थोडा विचार केला. मग म्हणाले, "ते नाही बाबा सांगता येणार. पण वास घेऊन बघ, भेसळ असेल तर डोळे चुरचुरतात." त्यांनी एक खडा चिमटीत धरून माझ्यापुढे केला. मी पन्नास ग्रॅम घेतला, तिसऱ्या बरणीतला.